पिठात हात

रात्री साडेदहाच्या सुमाराला पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येऊन पडतो. उद्या वर्गात 'फायरलेस कुकिंग' आहे, प्रत्येकाने विस्तवाशिवाय केलेला एक पदार्थ सजवून आणायचा, एप्रन आणि शेफची टोपी सक्तीची. ज्याच्यासाठी हे सगळं, ते साडेतीन वर्षांचं मूल तेव्हा गाढ झोपलेलं असतं. मग आई काकडीच्या चकत्यांवर टोमॅटोचे अर्धे काप ठेवून भुंगे करते, त्यांना मिऱ्यांचे डोळे लावते. बाबा टोपीच्या कार्डशीटसाठी खाली पळतात, तोवर दुकानाचं शटर निम्मं उतरलेलं असतं. सकाळी मूल बशी धरून रांगेत उभं राहतं, फोटो निघतो, भुंगे माना टाकतात. या साऱ्या प्रकारात मुलाने पदार्थाला हात लावायचा प्रसंग एकदाच येतो, डब्यातून बशी काढताना. तेव्हाही कुणीतरी ओरडतंच, "हात नको लावूस, मोडेल!"

शहरी बालवर्गांत हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. हस्तकलेचीही तीच गत. पंधरा ऑगस्टला तिरंगी पिसाऱ्याचे मोर, डिसेंबरात कापसाच्या दाढीचे सांता. वर्गातले सगळे मोर एकसारखे, कारण कापले बाईंनी, आणि चिकटवलेही निम्मे बाईंनीच. भिंत मात्र झकास दिसते, आणि पालकसभेला येणारे पालक भिंतच बघतात.

या लेखासाठी काही बालवाड्यांत आणि अंगणवाड्यांत जाऊन बसले. तिथे केलेली प्रत्येक कृती मी एकाच मापाने मोजत होते. खायची असो की खेळायची, तिच्यात मुलाचे स्वतःचे हात किती वेळ गुंतलेले असतात? पदार्थ कसा झाला, हा प्रश्न त्यानंतरचा.

०००

या मापात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी कृती सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर पाहिली. अंगणवाडी म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. ताईंनी घरून म्हशीच्या दुधाची साय आणली होती. ती त्यांनी रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ओतली, पण बरणी निम्मीच भरली. झाकण घट्ट लावून वरून एक फडकं बांधलं आणि बरणी गोलात बसलेल्या मुलांपैकी पहिल्याच्या हातात दिली. नियम एवढाच की प्रत्येकाने दहा अंक म्हणेपर्यंत हलवायची आणि शेजाऱ्याला द्यायची. अंक सगळ्यांनी मिळून म्हणायचे. सातानंतर एकदम दहा म्हणणाऱ्याला बाकीचे परत सातावर आणत होते. ताईंना मोजणी शिकवायची गरजच पडली नाही.

सुरुवातीला बरणीतून डुचमळण्याचा आवाज येतो. बरणी गोलातून दोनदा फिरते, मग आवाज अचानक बंद होतो. साय घट्ट होऊन बरणीच्या अंगाला चिकटलेली असते आणि कितीही हलवलं तरी आत काही हलत नाही. मुलं इथे कंटाळतात. एकाने बरणी कानाला लावली आणि निकाल दिला, "मेलं." ताई काही बोलल्या नाहीत, बरणी पुढे सरकवायची खूण केली तेवढी. आणखी थोडा वेळ गेला आणि आतून थप्‌ असा आवाज आला. पुन्हा थप्‌. सायीतल्या स्निग्धाच्या बारीक थेंबांभोवतीची पातळ आवरणं आपटून आपटून फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि पाणी वेगळं पडतं, ही त्यामागची गोष्ट. साय फार गार असली तर वेळ लागतो, फार कोमट असली तर लोणी गोळाच धरत नाही. ताईंना यातलं रसायन पुस्तकातून ठाऊक नव्हतं, पण साय सकाळी माठाजवळ का ठेवली होती हे त्यांनी नेमकं सांगितलं.

लोणी गार पाण्यात धुतलं, चिमूटभर मीठ घातलं आणि भाकरीच्या तुकड्यांना लावलं. खाली राहिलेलं पांढरं पाणी कुणाला हवंय असं विचारल्यावर सगळेच हात वर. या सगळ्यात ताईंनी मुलांच्या वतीने केलेलं काम म्हणजे झाकण लावणं आणि भाकरी थापून आणणं. उरलेलं मुलांनीच केलं. विस्तव नव्हता, सुरी नव्हती, आणि फोटोही कुणी काढला नाही.

दुसरी कृती दाण्याच्या लाडवाची. भाजलेल्या दाण्यांचं कूट दोन वाट्या, किसलेला गूळ एक वाटी, असली तर वेलची. साहित्य एवढंच. घरी आपण भाजलेले दाणे मिक्सरमध्ये फिरवतो आणि काही मिनिटांत मोकळे होतो. वर्गात ती घाई कशाला? भाजणं तेवढं मोठ्यांनी करावं. गार झालेले दाणे परातीत टाकले की सालं काढायचं काम मुलांचं. तळहातावर दाणे चोळायचे आणि फुंकर मारायची. जोराने मारली तर दाणेही उडतात, हळू मारली तर सालं जागची हलत नाहीत. फुंकरीची ही नेमकी ताकद जमायला चार वर्षांच्या मुलाला बराच वेळ लागतो, आणि तो वेळ ते अगदी मन लावून देतं. पुढे खलबत्ता येतो. कुटणारा एक, खल धरणारा दुसरा. गूळ मिसळून मळायला लागलं की कुटातलं तेल सुटतं आणि कोरडं पीठ आपोआप ओलसर होतं. "पाणी कुणी घातलं?" असं एका मुलीने दरडावून विचारलं. कुणीच घातलं नव्हतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात अख्खे दाणे जाऊ देऊ नयेत. घशात अडकतात. हरभरे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं यांनाही तोच नियम. सालं काढताना पहिला दाणा तोंडात जातोच, म्हणून मोठं माणूस परातीला चिकटून बसलेलं हवं, आणि तीन वर्षांच्या मुलांपुढे तर कूटच ठेवावं. दाणे ज्याला सोसत नाहीत असं एखादं मूल वर्गात असतं, त्याची चौकशी आधीच करावी. मग लाडू तिळाचे किंवा डाळ्यांच्या पिठाचे करावेत, सगळ्यांसाठीच. एका मुलाला वेगळं बसवून बाकीच्यांनी लाडू वळायचे, हे बरं नव्हे.

०००

मुलांच्या हातांना खरं काम द्यायचं ही कल्पना काल-परवाची नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली तेव्हाच माती, कागदाच्या घड्या, विणकाम आणि काड्यांची रचना हा त्याचा अभ्यासक्रम होता. त्या कागदाच्या घड्या इकडे मद्रासपर्यंत पोचल्या आणि टी. सुंदरराव यांनी त्यांतून भूमितीचं एक अख्खं पुस्तक उभं केलं, १८९३ मध्ये. बालवाडीचं साहित्य बघून प्रौढ माणसाने गणिताचं पुस्तक लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे माँटेसरीबाईंनी ओतणं, पुसणं, चिरणं, बटणं लावणं या घरकामांनाच शिक्षणाचा दर्जा दिला. खोटी चूल आणि खोटी भांडी यांच्यापेक्षा मुलाला खरा पेला आणि खरं पाणी द्या, हे त्यांचं म्हणणं.

गिजुभाई बधेका यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं ते १९२० मध्ये. ताराबाई मोडक तिथे गेल्या, शिकल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण खरा पेच पुढे आला. माँटेसरी साहित्य लाकडी, मापात घडवलेलं आणि महाग. शहरातल्या शाळेला ते झेपतं. ताराबाई १९४५ मध्ये अनुताई वाघांना घेऊन बोर्डीला गेल्या, आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर काम उभं राहिलं. तिथल्या वारली मुलांसाठी माँटेसरी साहित्यातला गुलाबी मनोरा आणायचा कुठून? त्यांनी आणलाच नाही. शिंपले, चिंचोके, खडे, पानं, काड्या आणि माती हेच साहित्य झालं. लहान-मोठं लावायला शिंपले, मोजायला चिंचोके. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. स्वस्त पडतं एवढंच त्याचं कारण नव्हतं. जे घरी आहे त्याच्यावर मुलाचा हात आधीच बसलेला असतो.

त्या भागात मुलांच्या हाताशी असलेलं एक साहित्य तर जगभर गाजलं. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करायचा, आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर पांढरी रेघ ओढायची. लग्नाच्या चौकातली ही रेघ डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन चमचे तांदळाचं पीठ, तेवढंच किंवा थोडं जास्त पाणी, आणि गेरू किंवा विटेचा चुरा लावलेला पुठ्ठा. बालवर्गासाठी यापेक्षा बिनधोक रंग नाही. गंमत अशी की ओली रेघ जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर उमटते. मुलाला थांबावं लागतं. काहींना ते सोसत नाही, ती एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा गिरवतात आणि वाळल्यावर तिथे जाड पांढरा ओघळ निघतो. त्यात काय बिघडलं?

०००

आता कणकेच्या गोळ्याकडे येऊ. बालवर्गाच्या सगळ्या कृतींचा राजा तोच आहे.

आपल्याकडे पोळ्या लाटायला बसलेल्या आईने मुलाला एक उंडा देणं ही परंपराच आहे. त्या उंड्याचा साप होतो, लाडू होतो, काळाकुट्ट झाला की तो चिमणीला जातो. शाळेत मात्र गोळा टिकाऊ हवा. त्यासाठी दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक वाटी बारीक मीठ, साधारण एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. चमचाभर तेल घातलं की हाताला चिकटत नाही. याला शिजवायची गरज नाही. सावलीत वाळवला की कडक होतो आणि रंगवता येतो. आठवडाभर मऊ राहणारा गोळा हवा असेल तर शिजवावा लागतो. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल आणि एका लिंबाचा रस एकत्र कालवून मंद आचेवर हलवत राहायचं. मिश्रण कढईची कड सोडून गोळा होतं तेव्हा उतरवायचं. हे काम मोठ्यांचं. पण कोमट गोळा मळायला मुलांना द्यावा, कारण ते ऊबदार मऊपण त्यांना फार आवडतं.

मीठ घालायचं ते गोळा नासू नये म्हणून. शिवाय एकदा चाखला की मूल पुन्हा चाखत नाही, हा दुसरा फायदा. तरीही कुणी हट्टाने खातंय का, हे बघावं लागतं. एवढं मीठ लहान पोटाला अपाय करतं. कच्चं पीठही खायची वस्तू नाही. कोकणात श्रावणात हा गोळा करू नये, असं तिकडच्या एका बाईंनी बजावलं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, गोळ्याला घाम सुटतो आणि वाळत ठेवलेले गणपती दुसऱ्या दिवशी पसरलेले सापडतात.

दुकानात डबीतून मिळणारा रंगीत गोळा याचाच भाऊबंद आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका साबण कारखान्यात भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायला पिठाचा मऊ गोळा बनत असे. घरांतल्या कोळशाच्या शेगड्या गेल्या आणि गोळ्याचं गिऱ्हाईकही गेलं. मालकाच्या नात्यातल्या एका बालवर्गशिक्षिकेने तो गोळा मुलांना खेळायला दिला, आणि १९५६ पासून तो प्ले-डो म्हणून दुकानात विकला जाऊ लागला. काजळी पुसायच्या बोळ्याचं भाग्य एका बाईच्या वर्गात फळफळलं, कारखान्यातल्या तज्ज्ञांना ते सुचलं नव्हतं. आपल्याकडे वाटीभर मैद्यात जे होतं त्याची डबी विकत घ्यावी का, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. डबीतला गोळा मळायला मिळत नाही, ही माझी तक्रार. मळणं हीच तर यातली खरी मेहनत आहे. पंजा उघडणं आणि मिटणं, मनगट फिरवणं, अंगठा आणि तर्जनीने चिमूट काढणं हे सगळं तिथे होतं. ज्या मुलाला पेन्सिल धरवत नाही, त्याच्या वहीवर ओरडण्यापेक्षा त्याला महिनाभर कणीक मळायला लावावी. अनुभवी बालवाडी शिक्षिका हेच सांगतात.

साताऱ्याकडच्या त्या अंगणवाडीत कणकेवरून एक भांडण झालं. ताईंनी दोघांना तोलून-मापून सारखे उंडे दिले. एकाने आपल्या उंड्याची लांब दोरी वळली. दुसऱ्याने लगेच भोकाड पसरलं, "ताई, त्येचं जास्ती हाय!" ताईंनी दोरीचा पुन्हा उंडा करून दाखवला. तेव्हा तो गप्प झाला. परत दोरी झाली, परत भोकाड. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मातीचा गोळा आणि मातीची वळकटी घेऊन नेमकं हेच पाहिलं होतं. साधारण सात वर्षांपर्यंत मुलाला आकार बदलला की ऐवज बदलला असं वाटतं, समजावून सांगून ते पटत नाही. ताईंचा उपाय सोपा होता. त्यांनी रडणाऱ्यालाही दोरी वळायला लावली.

खायची आणि खेळायची कृती जिथे एकच होते, असा आपला एक दिवस आहे. आषाढ अमावास्येचे कणकेचे दिवे. पाव वाटी कोमट पाण्यात अर्धी वाटी गूळ विरघळवून गाळायचा, त्यात एक वाटी कणीक आणि चमचाभर तूप घालून घट्ट मळायचं. छोटे गोळे करून अंगठ्याने खळगा पाडायचा, एका बाजूला चिमटा काढून चोच करायची आणि मोदकासारखे पंधराएक मिनिटं वाफवायचे. तुपाची वात लावून ओवाळून झालं की दिवा तुपाबरोबर खायचा. मातीकाम, दिवाबत्ती आणि गोड पदार्थ, सगळं एका गोळ्यात. अंगठ्याने खळगा पाडणं तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. खळगा आरपार गेला तर बांगडी होते, तीही वाफवावी. शाळांच्या कार्यक्रमपत्रिकेत मदर्स डे आणि यलो डे असतात, पण ही अमावास्या क्वचितच दिसते. कदाचित ती अमावास्या असल्यामुळे, किंवा तिची 'गटारी' एवढीच ओळख उरल्यामुळे.

बाकीचं वर्षही रिकामं नाही. पोळ्याला मातीचे बैल, गणपतीत शाडू, भोंडल्याला झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखणं, दिवाळीत किल्ला. शाडूबद्दल एकच सांगते. मुलं हात सारखे ओले करतात आणि गणपतीची सोंड वितळते. पाण्याचं भांडं न देता ओलं फडकं द्यावं. किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरली की काही दिवसांत हिरवळ उगवते, आणि अळीव उरला तर खीर होते. संक्रांतीचा पाक बालवर्गात आणू नये. उकळता गूळ पाण्यापेक्षा वाईट भाजतो. तीळ भाजून कुटायचे आणि त्यात किसलेला गूळ कालवायचा, वड्या नाही पडल्या तरी चालेल.

रंगांचा खेळ असाच फुकटचा. हळदीच्या पाण्यात साधा कागद बुडवून वाळवा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून मुलाला त्यावर काढू द्या, रेघ लालभडक उमटते. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करल्या की जांभळट पाणी निघतं, त्यात लिंबाचा रस टाकला तर ते गुलाबी-लाल होतं, खायचा सोडा टाकला तर हिरवट. मुलांना ही जादू वाटते. वाटू द्यावी. आम्ल आणि अल्कलीचा धडा पुढे सातवी-आठवीत भेटेलच. चिकटवायला मैद्याची खळ. एक वाटा मैदा पाच वाटे गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि पारदर्शक दिसेपर्यंत शिजवायचा. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी, मुलांच्या खळीत त्याचा कणही नको. दोन दिवसांत खळ आंबते, तेव्हा थोडी करावी आणि ताजी करावी.

०००

हे सगळं अंगणवाडीत कितपत होतं? २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज अंगणवाडी नाही असं गाव शोधावं लागेल. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे रोज ताजा आहार मिळतो. तो बहुतेक ठिकाणी बचत गटाच्या बायका शिजवून आणतात. मूल खातं, पण शिजताना पाहत नाही. सेविकेच्या मागे वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण, गृहभेटी आणि फोनमधलं पोषण ट्रॅकर ॲप. नेटवर्क गेलं की ताई फोन घेऊन गच्चीवर, मुलं मदतनीस बाईंच्या ताब्यात.

२०१८ पासून सप्टेंबरात पोषण माह साजरा होतो. त्यात पाककृती स्पर्धा हमखास असते. नाचणीचे केक, शेवग्याच्या पानांचे पराठे, मोड आलेल्या कडधान्यांची रांगोळी. बायकांचं कौशल्य दाद देण्यासारखं असतं. पण ज्याच्या पोषणासाठी हा खटाटोप, ते मूल टेबलाच्या पलीकडे टाचा उंच करून बघत असतं. शहरातला तोच भुंगा इथे नाचणीचा होऊन येतो.

त्या वाडीवरच्या ताईंनी यातून एक वाट काढली आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्या स्केचपेनने कृती चित्रांत काढतात. पहिल्या पत्रिकेवर हात धुणारा नळ, दुसऱ्या पत्रिकेवर एक वाटी आणि तिच्याशेजारी पोहे, मग लिंबू, मग कालवणारा हात. पत्रिका दोरीला क्रमाने टांगलेल्या. दडपे पोहे करताना मुलं दोरीकडे बघून पुढची पायरी ओरडून सांगतात. एका दिवशी त्यांनी मुद्दाम दोन पत्रिकांची अदलाबदल केली, कालवणारा हात आधी आणि पोहे नंतर. एक मुलगी रिकाम्या परातीत हात फिरवून म्हणाली, "काय कालवू? वारा?" अजून अक्षरओळख नसलेली मुलं अशी क्रमाने वाचायला लागतात. दडप्यांना पातळ पोहे घ्यायचे, खोबरं, कोथिंबीर, काकडी घालायची. मिरची नाही, फोडणीही नाही. पोहे दडपून ठेवायचे ते वह्यांच्या गठ्ठ्याखाली, रजिस्टरांचा असा उपयोग मी प्रथमच पाहिला.

चिरायला धारदार सुरी देऊ नये, पण पोह्याचा बोथट चमचा केळं आणि उकडलेला बटाटा मजेत कापतो. डहाणूकडच्या बालवाड्यांत पिकलेला चिकू त्याहून सोयीचा. साल बोटाने निघते, बिया मोजता येतात आणि दुधात कुस्करला की साखर लागत नाही. हात धुण्याचा विधी मात्र दरवेळी साग्रसंगीत. नखं बघण्याचं काम ताईंनी मुलांवरच सोपवलं आहे. शेजारच्याची नखं तपासताना मुलं फार कडक असतात.

मुलगे कणीक मळतात याला कुणी हरकत घेतली का, असं विचारलं. ताई हसल्या. हरकत मुलग्यांवरून आली नव्हती. लाडू वळून झाल्यावर मुलं ते एकमेकांना देतात, आपण केलेला आपणच खायचा नाही असा त्यांचा रिवाज आहे. एका घरून निरोप आला की आमच्या मुलाला त्याच्याच हातचा खाऊ द्या. कुणाच्या हातचा नको होता ते निरोपात नव्हतं. सांगायचीही गरज नव्हती, वाडी लहान आहे. ताईंनी निरोपाला उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी लाडू वळल्यावर सगळे एकाच परातीत ठेवले आणि परात तीनदा फिरवली. कुठला लाडू कुणाचा, हे खुद्द करणाऱ्यालाही सांगता येईना. निरोप पाठवणाऱ्या बाई दोन दिवसांनी आल्या, थोडा वेळ उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि गुळाचं प्रमाण विचारून गेल्या.

पसारा कोण आवरतं हा प्रश्न असे लेख लिहिणारे टाळतात, कारण उत्तर अडचणीचं आहे. पीठ फरशीवर सांडतं, तेलकट हात भिंतीला लागतात, आणि फडकं येतं मदतनीस बाईंच्या हातात. त्यांचं मानधन ताईंपेक्षाही कमी. मुलं आपापली जागा पुसतात हे खरं, पण ती पुसतात म्हणजे पीठ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतात. म्हणून कुठल्या दिवशी काय करायचं, हे त्या अंगणवाडीत मदतनीस बाईच ठरवतात. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी कणीक, माती, खळ काहीही चालेल. बिनपाण्याच्या दिवशी दाणे सोला, पानं लावा, कागदाच्या घड्या घाला. आणि शनिवारी काहीच नाही, शनिवारी त्यांची बचत गटाची बैठक असते.